शुंगोपावीचा लुई तेवानिमा

दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे काय, हे नाशिकच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीत कांस्यपदक मिळवले, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, आणि चारशे मीटरच्या मैदानाला पंचवीस फेऱ्या मारणारी ही कंटाळवाणी वाटणारी शर्यत आमच्याकडे घरोघरी बोलण्याचा विषय झाली. मी येथील एका महाविद्यालयात शिकवतो आणि हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीच्या वेळी घड्याळ हातात घेऊन उभा राहतो, एवढाच माझा या खेळाशी अधिकृत संबंध. परंतु ही शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा केव्हा झाली आणि त्यात कोण धावले, हे शोधताना मला जो माणूस सापडला, त्याने पुढे बराच काळ मनात घर केले. ८ जुलै १९१२ रोजी स्टॉकहोममध्ये झालेल्या त्या पहिल्या अंतिम शर्यतीत फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन पहिला आला, हे क्रीडारसिकांना ठाऊक असते. दुसरा आलेला लुई तेवानिमा हा अमेरिकेच्या अॅरिझोना प्रांतातील होपी जमातीचा तरुण होता आणि तो कार्लाइल नावाच्या एका शाळेकडून धावत होता.

ही शाळा त्याने निवडलेली नव्हती. त्याची कथा तेथूनच सुरू करावी लागते, कारण त्याच्यावरचे बहुतेक लेख त्या बाबीवरून एका वाक्यात पुढे सरकतात.

तेवानिमाचा जन्म १८८८च्या सुमारास शुंगोपावी या गावात झाला. अॅरिझोनाच्या उत्तर भागात माथा सपाट आणि कडे तुटलेले असे उंच पठारी डोंगर आहेत. आपल्या अंजनेरीचे पठार पाहिलेल्या माणसाला त्यांची ठेवण लगेच डोळ्यांसमोर येईल, फक्त हिरवाई आणि धुके वजा करावे लागेल. अशा तीन डोंगरांवर होपींची गावे वसलेली आहेत आणि शुंगोपावी त्यांपैकी मधल्या डोंगरावर आहे. पाऊस अत्यल्प असतो. मक्याचे दाणे हातभर खोल पेरून जमिनीतल्या ओलाव्यावर पीक काढायचे, ही तिथली शेतीची रीत आहे. शेते डोंगराखाली, कधी कधी कित्येक मैलांवर असत आणि पुरुष तेथे पायी किंवा धावत जात. धावणे हा त्यांच्या धर्माचाही भाग होता आणि आजही आहे. ढग यावेत, पाऊस पडावा, पीक पिकावे यासाठी पहाटे शर्यती होतात, आणि धावणाऱ्याने मनात राग किंवा दुःख न ठेवता धावावे, असा संकेत आहे. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात घाट कोसळतात आणि मार्चनंतर बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात, हे पाहिलेल्या मला पावसासाठी धावण्याची ही प्रथा अजिबात विचित्र वाटली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन सरकारने होपी मुलांना सक्तीने सरकारी शाळांत घालण्याचे धोरण अवलंबिले. मुले घरापासून तोडली जात, केस कापले जात, स्वतःची भाषा बोलल्यास शिक्षा होई. या प्रश्नावर होपींमध्येच फूट पडली. सरकारशी जमवून घ्यावे म्हणणारे एका बाजूला आणि विरोध करणारे दुसऱ्या बाजूला, असे तट इतके तीव्र झाले की सप्टेंबर १९०६ मध्ये ओराइबी या जुन्या गावात जमिनीवर रेघ ओढून दोन्ही गटांनी एकमेकांना ढकलण्याची झुंज केली आणि हरलेल्या विरोधकांना गाव सोडावे लागले. त्यानंतर सैन्य आले आणि विरोधकांतील पुरुषांची धरपकड झाली. त्या कैद्यांपैकी काही तरुणांना जानेवारी १९०७ मध्ये तेथून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलला पाठवण्यात आले. त्यांत तेवानिमा होता. त्याचा 'शाळाप्रवेश' झाला तो असा, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, कैदी म्हणून.

कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल ही संस्था रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली एका जुन्या लष्करी छावणीत सुरू केली होती. माणसातला 'इंडियन', म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी, मारायचा आणि माणूस वाचवायचा, हे त्याचे उघडपणे सांगितलेले ध्येय होते. मुले आल्यावर एक छायाचित्र घ्यायचे, केस कापून गणवेश चढवल्यावर काही काळाने दुसरे घ्यायचे, आणि ही जोडी देणगीदारांना दाखवायची, अशी तिथली पद्धत होती. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस शिवणकाम, सुतारकाम, शेतकाम असा क्रम असे. शाळेच्या दफनभूमीत दीडशेहून अधिक मुलांच्या कबरी आहेत. क्षयासारख्या रोगांनी ही मुले घरापासून दूर मेली, आणि त्यांचे अवशेष आपापल्या जमातींच्या गावी परत नेण्याचे काम अलीकडच्या वर्षांत चालू झाले आहे. आपल्याकडच्या आश्रमशाळा आणि कार्लाइल यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल, कारण आश्रमशाळा कोणाला सैन्य पाठवून भरती करीत नाहीत. तरीही सहा-सात वर्षांचे मूल पाड्यावरून उचलून वसतिगृहात आणले म्हणजे त्याच्या कोकणा किंवा वारली बोलीचे पुढे काय होते, हा प्रश्न मला वर्गात वारंवार पडलेला आहे.

कार्लाइल नावापुरतीही कॉलेज नव्हती, पण तिचे संघ कॉलेजांशीच खेळत. हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, लाफायेत यांच्याशी तिचे सामने होत आणि फुटबॉलमध्ये तर तिने मोठमोठ्या विद्यापीठांना हरवले. ग्लेन 'पॉप' वॉर्नर हा तिथला प्रशिक्षक पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये दंतकथा झाला. खेळ ही शाळेची जाहिरात होती आणि फुटबॉलच्या तिकिटांतून भरघोस पैसाही येत असे. त्या पैशाचे काय होते याची १९१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली, त्यात वॉर्नरवर ठपका आला, आणि १९१८ मध्ये शाळाच बंद झाली. तेवानिमा या व्यवस्थेत धावपटू झाला. होपी धावण्यात आखलेला गोल मार्ग नव्हता, घड्याळ नव्हते, 'शेवटची फेरी' हा प्रकार नव्हता. कोळशाच्या राखेच्या धावपट्टीवर तेच तेच वळण घेत राहणे, पहिल्या मैलात जोर राखून ठेवणे, पुढच्याच्या खांद्यामागे चिकटून राहणे, हे सारे त्याला कार्लाइलमध्ये शिकावे लागले. अंगाने तो लहानखुरा होता. कार्लाइलमध्ये आल्यापासून दीड वर्षात तो अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात होता.

१९०८ची लंडनची मॅरेथॉन ही इतिहासातली बहुधा सर्वांत जास्त सांगितली गेलेली शर्यत असावी. इटलीचा डोरांडो पिएत्री स्टेडियममध्ये शिरला तो भेलकांडत, पडत, आणि पंचांनी हात देऊन त्याला रेषेपलीकडे नेल्यामुळे बाद ठरला. अमेरिकेच्या जॉनी हेजला सुवर्णपदक मिळाले. मॅरेथॉनचे आज प्रमाण मानले जाणारे २६ मैल ३८५ यार्ड हे अंतर याच शर्यतीत पहिल्यांदा धावले गेले. २४ जुलैच्या उकाड्यात जवळपास निम्म्या धावपटूंनी शर्यत सोडली. त्या गर्दीत तेवानिमा नववा आला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बंदिस्त छपराखाली झालेली दहा मैलांची शर्यत त्याने जिंकली. मोकळ्या वाळवंटात क्षितिज पाहत धावायला शिकलेला माणूस प्रेक्षकांच्या सिगारच्या धुरात लाकडी फळ्यांवर चकरा मारून दहा मैल जिंकतो, यावर मी बराच वेळ विचार करीत राहिलो. हे काम पायांइतकेच सवयीचे आणि डोक्याचे आहे.

आणि नेमके तेच त्या काळच्या वर्तमानपत्रांनी लिहिले नाही. त्यांनी लिहिले की हा रानातला हरिण आहे, निसर्गाचे लेकरू आहे, धावणे याच्या रक्तातच आहे. विन्स्लो गावी जाऊन आगगाड्या पाहण्यासाठी तो एका दिवसात शंभर-सव्वाशे मैल धावून घरी येत असे, असे सांगतात. हॅरिसबर्गची गाडी चुकली म्हणून कार्लाइलपासून अठरा मैल धावत गेला आणि तिथे पोहोचून दोन मैलांची शर्यत जिंकला, असेही सांगतात. या कथा ऐकायला गोड आहेत आणि त्यांतील एखादी खरीही असेल, पण त्यांचा एकत्रित परिणाम असा होतो की पाच वर्षांचा सराव वाचकाच्या नजरेआड होतो आणि उरतो तो केवळ चमत्कार.

हा चमत्कार आम्ही नाशिककरही मोठ्या हौसेने लिहितो. आदिवासी पाड्यावरची मुलगी पदक घेऊन आली की दुसऱ्या दिवशी छापून येते की डोंगर चढून, डोक्यावर पाणी वाहून तिचे पाय काटक झाले होते. डोंगर खरा असतो आणि हंडाही खरा असतो. पण त्याच पाड्यावरच्या बाकी साऱ्या मुलींनीही तेवढेच हंडे वाहिलेले असतात. फरक पडतो तो भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर पहाटे विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक उभा असतो तेथे. आज लांब अंतर, उद्या चारशेचे तुकडे, परवा विश्रांती, असा आठवडा वर्षानुवर्षे आखला जातो, दुखरी पोटरी वेळेवर ओळखली जाते, जेवणात काय आहे हे कोणीतरी पाहते. कविता राऊत यांच्या नावामागे 'सावरपाडा एक्सप्रेस' हे बिरुद मोठ्या प्रेमाने लावले गेले आणि त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मात्र कोणत्याही सत्कारात एखाद्या वक्त्याने त्यांना पंचविसांपैकी सतरावी फेरी कशी काढता, असे विचारल्याचे मी ऐकलेले नाही. दहा हजार मीटरची शर्यत हरली जाते ती साधारण तिथेच, जेव्हा पाय थकलेले असतात आणि शेवट अजून दिसत नसतो.

१९१२च्या जूनमध्ये अमेरिकेचा संघ 'फिनलंड' या जहाजाने स्टॉकहोमला निघाला. सराव चुकू नये म्हणून जहाजाच्या डेकवर धावपट्टी अंथरली होती. कार्लाइलचे दोघे त्या संघात होते, तेवानिमा आणि त्याचा शाळासोबती जिम थॉर्प. थॉर्पने तेथे पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) अशी दोन सुवर्णपदके जिंकली आणि त्याचे नाव इतके मोठे झाले की तेवानिमा कायमचा त्याच्या सावलीत गेला.

दहा हजार मीटरची प्राथमिक फेरी ७ जुलैला झाली आणि लगेच दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यत. कोलेमाइनेनने आरंभापासूनच वेग असा ठेवला की मागे राहणाऱ्यांचा धीर खचत गेला. एकामागून एक धावपटू बाजूला झाले आणि शर्यत पूर्ण करणारे मोजकेच उरले. कोलेमाइनेनची वेळ ३१ मिनिटे २०.८ सेकंद, तेवानिमाची ३२ मिनिटे ६.६ सेकंद. हे दशांश वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्या काळच्या हातातल्या घड्याळांचा काटा सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने पुढे सरके, म्हणून जुन्या नोंदींत .२, .४, .६, .८ असेच आकडे आढळतात, .३ किंवा .७ सहसा भेटत नाहीत. आमच्या क्रॉसकंट्रीत आम्ही आता शतांशापर्यंत वेळ लिहितो आणि घड्याळाच्या बटणावर अंगठा पडायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, हे सोयीस्करपणे विसरतो. असो. पंचेचाळीस सेकंदांहून अधिक अंतराने दुसरे येणे म्हणजे कोलेमाइनेनला गाठण्याची आशा कधीच नव्हती. तेवानिमाने ओळखलेली शर्यत वेगळी होती: जिंकणाऱ्याच्या नादी लागून फुटायचे नाही आणि मागच्यांना जवळ येऊ द्यायचे नाही. तिसऱ्या आलेल्या फिनलंडच्या अल्बिन स्टेनरूसने बारा वर्षांनी पॅरिसला मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले, आणि चौथा आलेला कॅनडाचा जोसेफ कीपर हा क्री जमातीचा होता. म्हणजे पहिल्या चारांत उत्तर अमेरिकेच्या दोन मूळ रहिवाशांची नावे होती.

सहा दिवसांनी तेवानिमा मॅरेथॉनही धावला आणि सोळावा आला. त्या दिवसाच्या उन्हात पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. आठवडाभरात दहा हजाराच्या दोन शर्यती आणि वर मॅरेथॉन, हा कार्यक्रम आजचा कोणताही प्रशिक्षक ऐकूनही घेणार नाही.

त्याच अमेरिकन संघात जॉन पॉल जोन्स नावाचा कॉर्नेल विद्यापीठाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. १५०० मीटरमध्ये तो चौथा आला. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याने एक मैल ४ मिनिटे १४.४ सेकंदांत धावून विक्रम केला, आणि नव्याने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघाने अधिकृतपणे नोंदवलेला मैलाचा तो पहिला विश्वविक्रम ठरला. पदवी घेतली, अभियंता झाला, मोठ्या शर्यती संपल्या. त्याच्यासाठी धावणे हा आयुष्य सुरू होण्यापूर्वीचा एक सुंदर भाग होता. कॉलेजच्या हौशी खेळाची, म्हणजे पैसे न घेता खेळण्याची, सारी कल्पनाच अशा मुलांना समोर ठेवून रचलेली होती. ज्यांच्या घरी पैशाची ओढाताण होती, त्यांच्यासाठी तीच कल्पना सापळा ठरे: उन्हाळी सुट्टीत थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला, या कारणावरून १९१३च्या जानेवारीत थॉर्पची दोन्ही पदके काढून घेण्यात आली, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडले. आज गोल्फ क्लब मैदानावर पहाटे पोलीस भरतीचे १६०० मीटर पळणाऱ्या मुलांना कोणी हौशी खेळाचे पावित्र्य समजावू लागले, तर ती हसतील, आणि ते योग्यच होईल.

तेवानिमाकडून काढून घेण्यासारखे फारसे काही नव्हते. स्टॉकहोमहून परतल्यावर कार्लाइलमध्ये दोघांची मिरवणूक निघाली, भाषणे झाली, आणि सप्टेंबरमध्ये तो शुंगोपावीला निघून गेला. त्यानंतर तो कधीही मोठ्या स्पर्धेत धावला नाही. त्याच्यावरच्या जुन्या लेखांत येथे ठरलेले वाक्य असते: पदकविजेता विस्मृतीत गेला, मेंढ्या राखत बसला. मला हे वाक्य पटत नाही. विस्मृतीत गेला तो न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांच्या. ज्या गावातून त्याला धरून नेले होते, त्या गावी तो परत आला, मका पेरला, मेंढ्या पाळल्या, आणि पुढे होपींच्या धार्मिक विधींत वडीलधाऱ्यांच्या मानाच्या जागी बसला. ज्या शाळेचे ध्येयच त्याच्यातला होपी संपवणे हे होते, त्या शाळेच्या हिशेबात हे अपयश होते. कार्लाइलची पाच वर्षे, इंग्रजी, गणवेश, दोन ऑलिंपिक, हे सारे अंगावरून गेल्यानंतर तो आपल्या भाषेत आणि आपल्या देवांकडे परतला, याला मी तरी पराभव म्हणणार नाही.

देशाने मात्र फार सावकाश पावले टाकली. तेवानिमा लंडन आणि स्टॉकहोमला अमेरिकेसाठी धावला, तेव्हा मूळ रहिवाशांना सरसकट अमेरिकेचे नागरिकत्व नव्हते. तो कायदा १९२४ साली झाला. अॅरिझोनात त्यांना मतदानाचा हक्क मिळाला तो १९४८ मध्ये, न्यायालयाच्या निकालाने. १९५४ मध्ये त्याला न्यूयॉर्कला नेऊन सत्कार करण्यात आला आणि १९५७ मध्ये अॅरिझोनाच्या क्रीडा सन्मानदालनात त्याचे नाव घेतले गेले. १९६४ साली टोकियोत बिली मिल्स या लकोटा जमातीच्या, कॅन्सस विद्यापीठात घडलेल्या धावपटूने दहा हजार मीटरचे सुवर्णपदक जिंकले. या शर्यतीत अमेरिकेला तेवानिमानंतर मिळालेले ते पहिलेच पदक होते, मध्ये बावन्न वर्षे गेली होती, आणि तेवानिमा तेव्हा हयात होता.

१८ जानेवारी १९६९च्या रात्री एका धार्मिक विधीहून घरी चालत येताना अंधारात वाट चुकून तो कड्यावरून कोसळला आणि मरण पावला. वय ऐंशीच्या आसपास होते. पाच वर्षांनी, १९७४ मध्ये, शुंगोपावीत त्याच्या नावाने वार्षिक शर्यत सुरू झाली. सप्टेंबरच्या आरंभी ती होते, गावातून निघून डोंगराची कडा उतरते आणि पुन्हा वर चढते. होपी मुलांबरोबर बाहेरचे धावपटूही तिच्यात भाग घेतात, आणि तिच्या अंतरांमध्ये दहा किलोमीटर हे एक अंतर आहे.